बावेच्या गल्लीचा इतिहास

विहिरीचा घेर बावीस हात. कठडा कमरेइतका, पूर्वेच्या बाजूला थोडा खचलेला.

*

"बाव गल्ली, बाव गल्ली, एक सीट! चलो मौसी, अंदर सरको, चौथा भी बैठेगा."

*

वन बीएचके, हवेशीर, तिसरा मजला, स्टेशनपासून दहा मिनिटं. संपर्क : नीरज. (पान अकरा, खालचा अर्धा भाग.)

*

खारं पाणी पायावर वाळलं की टाचा फुटतात. त्यावर एकच उपाय, गोडं पाणी, तेही लगेच.

*

अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला तेव्हा सुगंधाबाईंनी तो परत सरकवला आणि पेन मागितलं. सुगंधा नाथा भोईर. तीन शब्दांना दीड मिनिट लागलं. मागे कोणीतरी घड्याळ बघितलं.

*

शशिकांत आंबेरकर चौतीस वर्षं विमा कंपनीत कारकून होता. त्याने मसुदा केलेल्या एकाही पत्राला कधी कायदेशीर हरकत आली नाही.

*

हे सगळं एकाच गल्लीतलं.

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या जुन्या घरांमधून निघून इंद्रलोकच्या बाजूला जाते ती ही गल्ली. नवीन माणसाला पत्ता असा सांगतात : चिंचेपासून आत शिरा. चिंच चौऱ्याण्णव साली तोडली. मग ईश्वरच्या गिरणीवरून उजवीकडे. ईश्वर गिरणी विकून रत्नागिरीला गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पुढे मिठाची वखार लागेल. वखारीच्या जागी कमलकुंज सोसायटी उभी राहून वीस वर्षं होत आली. वखारीसमोर बाव. म्हणजे विहीर. नवघरचे जुने लोक विहिरीला बाव म्हणतात, आणि रिक्षावाल्यांनी तो शब्द उचलला म्हणून सगळेच म्हणायला लागले.

पत्त्यातल्या या चार खुणांपैकी बाव तेवढी जागेवर होती.

शशिकांत कमलकुंजच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचा. शहाऐंशी साली गिरगावातली खोली सोडून तो बायकोला आणि शाळकरी अभिनवला घेऊन इथे आला, तेव्हा इमारतीला नळ होते आणि नळाला पाणी नव्हतं. दोन हजार चार साली तो रिटायर होऊन वर्ष झालं होतं. सकाळी पेपर, दुपारी पेपरातलं शब्दकोडं, संध्याकाळी हंसाबेनच्या किराणा दुकानाबाहेरच्या बाकावर तास-दीड तास. अशा माणसाकडे कोणीतरी येऊन 'लिहा' म्हणायची खोटी असते.

आला नीरज. गल्लीच्या तोंडाशी त्याचं फ्लॅट-दुकान खरेदी-विक्रीचं ऑफिस, आणि गणपती मंडळाचा सेक्रेटरीही तोच.

"काका, मंडळाचं पंधरावं वर्ष. स्मरणिका काढतोय. चाळीस पानं."

"छान."

"अडतीस जाहिरातींची झाली. दोन उरलीयेत. तुम्ही टाका ना काहीतरी. गल्लीचा इतिहास वगैरे."

"या गल्लीला कसला आलाय इतिहास?"

"असतो हो काका, सगळ्याला असतो. आणि नसला तर तुम्ही आहात ना."

शशिकांत हसला. आतून सुखावलाही. चौतीस वर्षं त्याने 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून' लिहिलं होतं. आता स्वतःच्या नावावर दोन पानं.

*

सुगंधाबाईंचं कौलारू घर बावेला लागूनच. त्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शशिकांतला त्या मास्तर म्हणायच्या. तो कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेला नव्हता, पण एकदा त्याने त्यांना रेशनकार्डाचा अर्ज लिहून दिला होता, आणि सुगंधाबाईंच्या हिशेबी लिहिणारा माणूस तो मास्तर.

"काय लिवताव, मास्तर?"

"गल्लीचा इतिहास, वहिनी."

"गल्ली कवा झाली ती? आमी तिला मिठाची वाट बोलायचो. तिकरं इंद्रलोक बोलतान ना, ती सगली आगरं. मिठाची. मानसं तिथनं डोक्यावर पाटी घेऊन यायची वखारीला. गुरघ्यापतुर खारं पानी. वखारीवर पाटी टाकली का बावेवर यायचं नि पाय धुवायचं. म्हनून बाव तिथं खनली. आमच्या आजेसासऱ्यानं."

"त्यांनी स्वतः?"

"सोता नि त्याच्या दोन भावांनी. धाकला त्यातच गेला. दरड परली आंगावर." शेंगेतला किडका दाणा त्यांनी अंगणात फेकला. "म्हनून आमच्या घरची रीत हाय. पानी कोनाला न्हाय बोलायचं न्हाय. पन सकालची पयली बादली आमची. घरच्या बाईनं काढायची, नि उंबऱ्यावर वतायची. त्याच्या नावानं. मंग गाव भरंल."

"आणि तुम्हाला उशीर झाला तर?"

"तं गाव थांबंल."

"कशासाठी पण?"

सुगंधाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि या शिकलेल्या माणसाकडे जरा काळजीनेच पाहिलं.

"कशापायी म्हंजे? बाव आमची हाय ना, मास्तर."

हे शशिकांतला नवीन नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली सुगंधाबाईंचे यजमान नाथा भोईर पहाटे गेले. घरात रडारड. आणि बाहेर बावेभोवती वीस-पंचवीस माणसं रिकाम्या बादल्या, कळश्या घेऊन उभी. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, पोरांच्या शाळा होत्या, माणसांना ऑफिसं होती, आणि दोर तिथेच कठड्यावर पडलेला होता. हात कोणी लावला नाही. नऊ वाजता सून मंदा डोळे पुसत बाहेर आली, एक बादली काढली, उंबऱ्यावर ओतली आणि आत गेली. मगच रहाट फिरला. त्या रांगेत शशिकांत सातवा होता.

*

पहिला खर्डा

'...वखारीसमोरील ही विहीर भोईर कुटुंबाच्या मालकीची असून नाथा भोईर यांच्या आजोबांनी ती आपल्या भावांसह स्वतः खोदली. विहिरीचे पाणी कोणालाही नाकारले जात नाही. मात्र आजही सकाळची पहिली बादली भोईर घराण्यातील स्त्री काढते. त्यापूर्वी कोणीही दोरास हात लावीत नाही. श्री. नाथा भोईर यांचे निधन झाले त्या दिवशी सारी वस्ती सकाळी नऊ वाजेपर्यंत रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती...'

नीरजचं म्हणणं

"काका, एक नंबर. पण ते मालकीची वगैरे नको ना. म्हात्र्यांची पोरं मंडळात आहेत, पाटलांची आहेत. ते बोलणार, भोईरांनी विहीर खणली मग आमच्या आज्याने काय पत्ते खेळले? उगाच राडा. सार्वजनिक टाका. सार्वजनिक विहीर. मस्त वाटतं. आपलं मंडळ पण सार्वजनिकच की."

शशिकांतचं म्हणणं

त्याला ते पटलं, ही यातली खरी गोष्ट. नीरजने त्याच्या गळी काहीच उतरवलं नव्हतं. उत्सवाच्या अंकात मालकी हा शब्द त्यालाच कोता वाटू लागला. विम्याच्या पत्रात शोभणारा. सार्वजनिक म्हटलं की कसं भारदस्त वाटतं, गिरगावातल्या मांडवांची आठवण येते. आणि सार्वजनिक म्हटल्याने भोईरांचा मोठेपणा वाढतोच की. स्वतःची वस्तू सगळ्यांना वापरू देणारा माणूस चांगला, आणि देऊनच टाकणारा त्याहून चांगला. त्याने खोडलं आणि वर लिहिलं : 'समस्त गावास अर्पण केलेली'. पुन्हा वाचलं. निशिगंधाला, म्हणजे बायकोला, मोठ्याने वाचून दाखवलं. ती कुकरची शिट्टी मोजत होती. "छान झालंय," ती म्हणाली.

जागा

छपाईच्या आदल्या दिवशी नीरजचा फोन. पान अकराचा अर्धा भाग त्याला स्वतःच्या जाहिरातीसाठी लागणार होता. नऊ ओळी काढायला हव्या होत्या. कुठल्या काढायच्या ते काका ठरवतील.

काकांनी ठरवलं. शशिकांतच्या मजकुरात एक परिच्छेद गिरगावातून इथे आलेल्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनोगताचा होता, त्यात 'मुळे' आणि 'माती' असे शब्द होते. तो परिच्छेद बरोबर नऊ ओळींचा होता.

पहिल्या बादलीच्याही नऊच ओळी होत्या.

*

छापील मजकूर, पान अकरा, वरचा अर्धा भाग

'...वखारीसमोरील ही सार्वजनिक विहीर म्हणजे आपल्या गल्लीचे भूषण! कै. नाथा भोईर यांच्या पूर्वजांनी खोदून समस्त गावास अर्पण केलेल्या या विहिरीवर कोणाचीही आडकाठी नाही. येथे सर्वांना मुक्तद्वार आहे. गिरगावच्या चाळीतून या मातीत आलेल्या माझ्यासारख्याची मुळे...'

*

स्मरणिका गणपतीच्या तिसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली. सुगंधाबाईंना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. त्या हिरव्या लुगड्यात आल्या होत्या, स्टेजवर माइक दिसला तशा घाबरून एका बाजूला सरकल्या, आणि फोटोवाला 'आजी, इकडे' म्हणेपर्यंत नारळाकडेच बघत राहिल्या.

घरी मंदाने त्यांना पान अकरा वाचून दाखवलं. सुगंधाबाईंना अक्षर लागायचं, पण जोडाक्षराशी अडायच्या.

"अर्पन म्हंजे?"

"दिली, आत्या. सगल्यांना."

"मंग बराबर लिवलंय. दिलीच हाय. कोनाला अरवलंय आपन?"

पुस्तक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नाथांच्या फोटोमागे ठेवलं.

एकट्या हंसाबेनने विचारलं. दुकानात गूळ तोलता तोलता.

"शशीभाई, तमारूं लिहिलेलं वाचलं हां. सरस छे. पण सुगंधाबेनची बावडी सरकारी कधी झाली? मने तो खबर नथी."

"सरकारी नाही हो, सार्वजनिक."

"तो फरक शुं?"

"भावना असते ती," शशिकांत म्हणाला.

हंसाबेनने गुळाचा एक खडा तागडीतून काढला, परत टाकला. "भावना. बराबर. अर्धा किलो ने?"

*

दोन हजार सहा. फेब्रुवारी.

विजेच्या खांबावर महापालिकेची नोटीस लागली. गल्ली रुंद होणार. नऊ मीटर. नकाशात रेघ सरळ ओढलेली होती आणि ती बावेच्या बरोबर मधून जात होती. हरकती तीस दिवसांत.

मामला दोन वाक्यांचा होता, आणि महिनाभर गल्ली तेवढंच बोलत होती. बाव खासगी ठरली तर रस्ता वळसा घेणार, आणि वळसा जाणार समोरच्या कमलकुंजच्या कंपाउंडमधून, दहा फूट आत. बाव सार्वजनिक ठरली तर रस्ता सरळ जाणार, बाव बुजवून.

भोईरांच्या सातबाऱ्यावर नाथांच्या एका निपुत्रिक चुलत्याचं नाव होतं, आणि बावेचा उल्लेख कुठेच नव्हता. शंभर वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून कोणी लिहून ठेवलं नाही. रोज सकाळी एक बादली निघत होती. तोच त्यांचा उतारा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सुगंधाबाई कमलकुंजचे तीन जिने चढून आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच. दाराशी चपला काढल्या, आत आल्यावर सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मास्तर, उद्या मंगलवारी या तितं. अकरा वाजता. माज्यापाशी कागद न्हाय. पन तुमचं पुस्तक हाय. छापलेलं. मी साहेबाला दावतंय. तुमी निस्तं बोला, हा, मी लिवलाय. बास."

शशिकांतच्या कपाटात अंकाच्या सहा प्रती होत्या. पान अकरा त्याला पाठ होतं. एकेक शब्द त्याच्या डोळ्यांपुढून गेला. चौतीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. कुठल्या शब्दाने दावा टिकतो, कुठल्याने पडतो, हे त्याच्याइतकं या इमारतीत कोणाला कळत नव्हतं.

एवढंच म्हणायचं होतं : वहिनी, ते पुस्तक नेऊ नका.

निशिगंधा चहा घेऊन आली. सुगंधाबाईंनी बशीत ओतला, फुंकला, प्यायला. "गोर झालाय," त्या म्हणाल्या, म्हणजे गोड झालाय. मग पदराने तोंड पुसून उठल्या.

"येताव ना?"

"येतो," शशिकांत म्हणाला.

दार लागल्यावर निशिगंधाने कपबशा उचलल्या. "जायचं तर जा. पण बोलाल ते विचार करून बोला. काल मीटिंगमध्ये सगळे विचारत होते, आंबेरकर कोणाच्या बाजूचे? म्हटलं, राहतात तिथल्या बाजूचे असतील."

"मला फक्त काय खरं ते सांगायचंय."

"सांगा ना. अभिनवने गाडी बुक केलीय, पंधरवड्यात येईल. कंपाउंड गेलं तर ठेवायची कुठे? सुगंधाबाईंच्या ओट्यावर?"

*

मंगळवार. खोलीत वर पंखा, खाली खुर्च्या. पुढे टेबलामागे साहेब. उजवीकडे कमलकुंजचे अकरा जण, इस्त्रीच्या शर्टांत. नीरज दाराशी, कोणाच्याच बाजूने नसल्यासारखा. डावीकडे सुगंधाबाई आणि मंदा. शशिकांत मधल्या ओळीत. मधली ओळ रिकामीच होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सुगंधाबाईंना आधी पाणी दिलं.

"आजी, विहीर तुमची आहे याचा काही पुरावा?"

सुगंधाबाईंनी प्लास्टिकची पिशवी उलगडली. हळूहळू, एकेक घडी सोडत. पान अकराला त्यांनी मोरपीस घालून ठेवलं होतं.

साहेबाने वाचलं. मनात, मग मोठ्याने.

"ही सार्वजनिक विहीर... समस्त गावास अर्पण केलेल्या... कोणाचीही आडकाठी नाही... मुक्तद्वार." त्याने वर बघितलं. "हे तुम्हीच आणलंत?"

"हा. माजं हाय."

"कोणी लिहिलंय?"

सुगंधाबाई मागे वळल्या. खोलीत आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "ते बगा, मास्तर. शिकलेला मानूस हाय. खोटं न्हाय लिवायचा."

शशिकांत उभा राहिला.

*प्रश्न* : हा मजकूर तुमचा?

*उत्तर* : हो.

*प्रश्न* : किती वर्षं राहता इथे?

*उत्तर* : वीस होतील.

*प्रश्न* : तुम्ही या विहिरीवर पाणी भरलंय?

*उत्तर* : सुरुवातीची काही वर्षं. रोज.

*प्रश्न* : कधी अडवलं कोणी?

*उत्तर* : नाही.

"साहेब, पयली बादली!" सुगंधाबाई मध्येच बोलल्या. त्यांना काहीतरी हातातून निसटत चाललंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. "पयली बादली आमची असती. इचारा मास्तरला. आमचा म्हातारा गेला तवा सगलं हुभं व्हतं. हे बी व्हते."

साहेबाने भुवया उंचावल्या. "ही काय भानगड आहे?"

उजवीकडून कोणीतरी खाकरलं. फार मोठ्याने नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव वाचण्याआधी खाकरतात तेवढंच.

*उत्तर* : ती... एक श्रद्धा होती, साहेब. काही जण पाळायचे.

*प्रश्न* : तुमच्या लेखात तर नाही ती.

*उत्तर* : जागा कमी होती.

उजवीकडे कोणीतरी हसलं. साहेब हसला नाही.

*प्रश्न* : थेट विचारतो. पाणी भरण्यासाठी भोईरांची परवानगी घ्यावी लागायची?

*उत्तर* : नाही. तशी काही पद्धत नव्हती.

साहेबाने ते लिहून घेतलं. सुगंधाबाईंचं पुस्तक टाचणी लावून फायलीत गेलं, आणि पुस्तक त्यांनीच दाखल केलं असं लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घेतली. मोरपीस टेबलावर राहिलं. मंदाने ते उचललं.

जिन्यात सुगंधाबाई कठड्याला धरून थांबल्या. शशिकांत दोन पायऱ्या मागे होता. त्याला पुढे जाता येईना.

"मंदे, काय झालं ग? पुस्तकान तं आमचं नाव हाय."

मंदाने सांगितलं. कमी शब्दांत. शशिकांतकडे न बघता.

सुगंधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी शशिकांतच्या बुटांकडे बघितलं.

"काल च्या पेलो," त्या म्हणाल्या. "तवा बोलला असता तं."

*

बुजवायला तीन डंपर लागले. डबर शेजारच्याच एका पाडलेल्या चाळीचं होतं, त्यात फरशा होत्या, एक निळं संडासाचं भांडं होतं, आणि कोणाच्या तरी दारावरची 'सुस्वागतम्' लिहिलेली टाइल होती. सकाळी आठला सुरू झालं. मुकादम बावेशी जाऊन उभा राहिला तेव्हा मंदा बादली घेऊन बाहेर आली होती. त्याला वाटलं बाईला पाणी हवंय. "आखरी बार भर लो, भाभी," तो चांगुलपणाने म्हणाला. मंदा तशीच परत फिरली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं.

कमलकुंजचं कंपाउंड वाचलं. अभिनवची चंदेरी गाडी आली, तिला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. सोसायटीने शशिकांतला कमिटीत घेतलं. रिक्षावाले 'बाव गल्ली'च ओरडत राहिले, आणि नवीन माणूस उतरून विचारायचा, बाव म्हणजे काय?

रस्ता झाला तेव्हा नाव द्यायचं ठरलं. नीरजनेच सुचवलं. म्हात्रे आणि पाटील यांचीही हरकत नव्हती, कारण आता मालकीचं काही उरलं नव्हतं.

"काका, पाटीचा मजकूर तुम्हीच द्या. शॉर्ट अँड स्वीट."

शशिकांत नाही म्हणणार होता. तसं त्याने निशिगंधालाही सांगितलं. मग दुपारी शब्दकोडं सोडवायच्या जागी तो कागद घेऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून चार वेगवेगळे मजकूर तयार झाले होते. शेवटी हा लागला :

*कै. नाथा भोईर मार्ग. ज्यांच्या पूर्वजांनी आपली विहीर समस्त गावास अर्पण केली.*

'आपली' हा शब्द त्याने मुद्दाम घातला होता. तेवढीच भरपाई, असं त्याला वाटलं. पाटी दोन हजार सात साली लागली. उद्घाटनाला सुगंधाबाईंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. त्या आल्या नाहीत. खुर्चीवर नंतर केटररचा माणूस बसला.

पुढे कधीतरी पाटीखालीच समोरासमोर गाठ पडली. सुगंधाबाई कोपऱ्यावरच्या नळावरून वीस लिटरचा कॅन घेऊन येत होत्या, कमरेवर. शशिकांतने हात पुढे केला. "द्या वहिनी, मी घेतो."

त्यांनी कॅन दुसऱ्या कमरेवर घेतला.

"आंबेरकर," त्या म्हणाल्या, "वाट सोरा."

तो बाजूला झाला. नऊ मीटर रस्ता होता, तरी तो पार गटाराच्या कडेपर्यंत सरकला.

*

चौदा डिसेंबर एकोणीसशे शहाऐंशी, रविवार, सकाळी साडेसात वाजता शशिकांत आंबेरकर हातात नारळ घेऊन नाथा भोईरांच्या ओट्यापुढे गेला आणि 'तुमच्या विहिरीवर पाणी भरलं तर चालेल का?' असं त्याने विचारलं.